सहा मंत्र, सुवाच्य अक्षरात

३ मार्च, मंगळवार

त्या पुस्तकाला हात लावला आणि उठून साबणाने हात धुतले. दोनदा.

पानं चिकट. कोपऱ्यांवर कुणाच्या तरी बोटांचं तेल, शिवणीत बिस्किटांचा चुरा, आणि शंभराव्या पानाला लागून चक्क एक केस. हे पुस्तक धाकटीने, माझ्या बहिणीने, माझ्यापुढे ठेवलं, आजाऱ्यापुढे सूप ठेवावं तसं, आणि म्हणाली, "यातले सहा मंत्र निवड. शनिवारपर्यंत."

मी एकसष्ट वर्षांची आहे. तेहतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं तपासली. एक अक्षर पुसट दिसलं की अख्खी पेटी परत. आणि आता मी जादूगार व्हायचं!

डिसेंबरात धाकटी उपचारांसाठी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा दोन बॅगा येतील असं वाटलं होतं. बॅगांबरोबर हा खेळही आला. दर शनिवारी दुपारी मंडळी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. धाकटी पुठ्ठ्याचा आडोसा उभा करते, त्यामागे बसते आणि गोष्ट सांगते — कुठलं तरी रान, कुठली तरी गुहा. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "मी दार ढकलतो," म्हणतात. दार उघडलं की नाही ते फासा ठरवतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला चष्मेवाला तलवारबहाद्दर होतो. कोर्टातली टायपिस्ट चोर होते. दोघंही धाकटीला मास्तरीणबाई म्हणतात. चष्मेवाल्याला दोन मोठी मुलं आहेत. तो बोटं चाटतो आणि त्याच बोटांनी फासे टाकतो. ते गेले की मी टेबल गरम पाण्याने पुसते.

तिसरा एक होता, तो जादूगार व्हायचा. त्याची बदली झाली. खुर्ची रिकामी.

"दुसरं कुणी शोध," मी म्हटलं.

"दोनच शनिवार आहेत गं ताई माझ्याकडे."

अठरा तारखेला तिचं स्वरयंत्र काढणार आहेत. पूर्ण. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, आणि तिने विचारलं होतं, "मग शनिवारचं काय?"

मी पुस्तक घेतलं. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

४ मार्च

तो केस अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

५ मार्च, गुरुवार

मंत्र वाचले. सगळे. मंत्रालाही लेबल असतं — किती अंतरावर चालतो, किती वेळ टिकतो, साहित्य काय लागतं. हे वाचण्याची सवय आहे मला. पण काय ते साहित्य! कुजलेलं अंडं, कोळ्याचं जाळं, चरबीचा गोळा. आणि परिणाम? समोरच्यावर आम्लाचा फवारा. समोरच्याला ओकारी. समोरच्याचं अंग बोट लावताच सडायला लागतं. ज्याने हे लिहिलं त्याला लहानपणी हात धुवायला कुणी शिकवलं नसावं.

चष्मेवाल्याचा फोन. "ताई, जास्त विचार करू नका. अग्निबाण, झोप, ढाल. नवा जादूगार एका फटक्यात मरतो." मागून टायपिस्टचा आवाज: "चिकट जाळं घ्या ताई, मजा येते!"

मजा म्हणे.

एक नियम मात्र मला पटला. धाकटीच्या टेबलावर जादूगाराचे मंत्र वहीत लिहावे लागतात, ज्याचे त्याने, शाईने. खाडाखोड झाली की तो मंत्र गेला. जे वहीत नाही ते नाहीच. आमच्या शाळेतल्या सिस्टरांना हा नियम फार आवडला असता.

दुपारी सूप ढवळताना सहज विचारलं, "जायचंय कुठे पण या जादूगाराने?"

"तीन पुलांच्या देशात," ती म्हणाली.

डाव हातातच राहिला. सूप खाली लागलं. मी म्हटलं, गॅस मोठा झाला होता.

आता लिहूनच टाकते. हे पान कुणी वाचणार नाही.

ती अकरा वर्षांची होती, मी चौदा. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आम्ही दोघी. तिची एक गणिताची वही होती, तपकिरी पुठ्ठ्याची. पुढून गणितं, मागून तो देश. ती वही गादीखाली असायची. एकदा ती तापाने आजाऱ्यांच्या खोलीत होती, तेव्हा मी चादरींच्या खोलीत बसून एका दमात सगळी वाचली. तीन पूल. तिसऱ्याची मधली फळी कुजकी, खाली पाणी नाही, नुसतं धुकं. मीठ विकणारे लोक, ते दगडांवर आपल्याच लिपीत लिहितात. एक बहिरा कुत्रा, त्याला खोट्याचा वास येतो, आणि खोटारड्याला तो पुढे जाऊ देत नाही.

आणि नाकराणी. तिला सगळ्याचाच वास येतो. नाकाला रुमाल लावून सिंहासनावर बसते. प्रजेला दिवसातून तीनदा आंघोळ करायला लावते. चालते माझ्यासारखी. "शी" म्हणते माझ्यासारखी.

मी ती वही वसतिगृहाच्या सिस्टरांना नेऊन दिली. "हिचा अभ्यास होत नाही," म्हटलं. त्या दुपारी स्वयंपाकघरामागच्या बंबातून काळा धूर निघत होता.

धाकटी बरी होऊन आली आणि वही शोधायला लागली. आठ दिवस शोधत होती. यापुढचं लिहायला हात वळत नाही — मी तिच्याबरोबर शोधलं. गादीखाली, कपाटामागे, चॅपलच्या बाकांखाली. वही सापडावी म्हणून तिच्याशेजारी गुडघे टेकून प्रार्थनासुद्धा केली.

लोकांच्या बोटांच्या तेलाची मला किळस येते. सत्तेचाळीस वर्षं मी हे घेऊन वावरते आहे, त्याची किती यायला हवी?

तिला माहीत नाही. माहीत असतं तर बोलली असती, तिच्या पोटात काही राहत नाही. मला तिला सांगायचं आहे. अठराच्या आत. तिने मला शिव्या द्यायच्या तर तिच्या आवाजात द्याव्यात. मला पाटीवर लिहिलेल्या शिव्या नकोत.

६ मार्च, शुक्रवार

निवडले. नवी वही, शाळेतलं अक्षर. समास सोडून.

पहिला, हलकं पडणे. उंचावरून पडलं तरी माणूस पिसासारखा सावकाश खाली येतो. माझ्या गुडघ्यांना दुसरं काय हवं? दुसरा, परकी लिपी वाचणे. लेबल वाचता आलंच पाहिजे. तिसरा, अदृश्य हरकाम्या. भांडी घासतो, सांडलेलं पुसतो. असा कुणी खरंच मिळाला तर हवा आहे. चौथा, राखण. दारात दोरा बांधायचा, कुणी ओलांडला की घंटा वाजते. पाचवा, झोप. तो चष्मेवाल्याच्या समाधानासाठी. सहावा, गंध पुसणे. अंगाला येणारा कसलाही वास अर्धा तास नाहीसा होतो. शनिवारच्या माझ्या खोलीसाठी याहून योग्य काय! हा मंत्र पार शेवटच्या पानावर होता. ते एकच पान स्वच्छ होतं. कुणी कधी उघडलेलं दिसत नाही.

शिवाय तीन किरकोळ मंत्र मिळतात, हवे तितक्या वेळा वापरायचे. उजेड. सांधणे. कुजबूज — बोट दाखवायचं आणि कुजबुजायचं, त्या एकालाच ऐकू जातं, आणि त्याला एकदा उत्तर देता येतं.

खाडाखोड एकही नाही.

तिला आज सांगितलं नाही. ती दमली होती.

७ मार्च, शनिवार

आज काय झालं ते क्रमाने लिहिते.

पहिला पूल झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर चष्मेवाला छाती काढून पुढे गेला आणि मधली फळी मोडली. मी वही उघडली. "हलकं पडणे." चष्मेवाला पिसासारखा तरंगला आणि टायपिस्टने त्याला दोरी टाकली. दोघांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग दगड आले, त्यांवर लिहिलेलं. "परकी लिपी." पुन्हा टाळ्या.

मग कुत्रा. चोराला, म्हणजे टायपिस्टला, तो पुढे जाऊ देईना. तिने त्याच्यापुढे पाव टाकला, टाळ्या वाजवल्या, ओरडली. तो बहिरा. मी पान उलटलं आणि वाचलं, "चोरावर गंध पुसणे."

चष्मेवाल्याने फासे खाली ठेवले.

"थांबा," चष्मेवाला म्हणाला. "गंध पुसणे? हे कोण घेतं? बारा वर्षं खेळतोय, असा मंत्र आहे हेच मला माहीत नव्हतं. मास्तरीणबाई, पेपर फुटलाय."

"सख्ख्या बहिणीचा वशिला," टायपिस्ट म्हणाली. "आम्ही बसतो इथे अडकून."

धाकटी हसली नाही. आडोशावरून माझ्याकडे बघत राहिली. तिचा आवाज आता कानशीने लोखंड घासल्यासारखा झाला आहे. म्हणाली, "मी हिला एका शब्दाने काही सांगितलेलं नाही. ताई, कुत्रा वासावर चालतो हे तुला कसं कळलं?"

"अंदाज," मी म्हटलं.

"अंदाज," ती म्हणाली. काहीतरी लिहून घेतलं. आणि मग सगळ्यांना सांगितलं, "चोर आरामात पुढे गेला. कुत्रा वळला, ताईच्या जादूगाराकडे बघितलं, आणि भुंकायला लागला."

ते दोघं हसून हसून लाल झाले. मी उठून कप विसळायला गेले.

गुडघे, लेबलं, खोलीचा वास. काल काय काय कारणं लिहिली मी! ती मंत्रांची यादी नव्हतीच. समास सोडून लिहिलेला कबुलीजबाब होता, आणि तो मी स्वतःच तिच्यापुढे उघडून ठेवला.

८ मार्च

तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. टेबल चार वेळा पुसलं.

१० मार्च, मंगळवार

हॉस्पिटलात तिचा आवाज साठवून घेतला. एका बंद खोलीत मशीनपुढे वाक्यं वाचायची. ऑपरेशननंतर ती एका पाटीएवढ्या पडद्यावर येतात, बोट लावलं की वाजतात. यादी मी आधी बघितली. "पाणी हवं." "दुखतंय." "नळी साफ करा." "कूस बदलायची आहे." पुढचं पानभर सगळं संडासाचं. एवढं बोलणारी बाई, तिचं या दीडशे वाक्यांत भागवायचं! यादी करणाऱ्याचा तरी काय दोष, पण आला मला राग.

स्पीच थेरपिस्ट चांगली आहे, तरुण मुलगी. म्हणाली, "मावशी, तुमची स्वतःची काही वाक्यं घालायची असतील तर आजच घाला."

धाकटीने मला बाहेर पाठवलं. मी पाऊण तास बाकावर. त्या बाकाखाली कुणीतरी च्युइंगम चिकटवलेलं, माझ्या बोटाला लागलं. शी.

बाहेर आली तेव्हा थकली होती, पण डोळे हसत होते.

"काय बोलत होतीस एवढा वेळ?"

"तुला शिव्या देत होते," ती म्हणाली.

थट्टा करत होती. मला वाटलं, हीच वेळ आहे. तेवढ्यात लिफ्ट आली, आत चार माणसं.

१२ मार्च

वहिनी येऊन गेली. हातात फुलं, प्लास्टिकच्या कागदात गुदमरलेली. धाकटी आत झोपली होती. वहिनी आवाज न दाबता म्हणाली, "आयुष्यभर टकळी चालू होती, आता घरात शांतता होईल तुमच्या."

मी म्हटलं, "वहिनी, चहा गार होतोय, तो प्या आणि निघा."

असं मी पूर्वी कुणाला बोलले नव्हते. ती गेल्यावर कपही टाकून दिला. चांगला होता कप.

१४ मार्च, शनिवार

शेवटचा शनिवार. म्हणजे तिच्या आवाजातला.

धाकटी दर दोन वाक्यांनी थांबत होती. घोट घ्यायची, झाकणाच्या पेल्यात थुंकायची, पुन्हा सुरू. चष्मेवाल्याने आज काही खाल्लं नाही. टायपिस्टने फासे रुमालाने पुसून माझ्यापुढे ठेवले.

आम्ही राजवाड्यात पोचलो. मला माहीत होतं तिथे कोण असणार. धाकटी ताठ बसली, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, "शी. कोण आलंय? पाय पुसलेत का?"

"हुबेहूब ताई!" चष्मेवाला म्हणाला आणि लगेच घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

मला राग आला नाही. वाड्यात राणी एकटीच होती. धाकटी सांगत होती — वास येतो म्हणून तिने एकेकाला बाहेर काढलं. आधी आचारी, मग माळी, मग सगळे. आता दिवसभर सिंहासन पुसते. हे वहीत नव्हतं. वही तिथपर्यंत पोचलीच नव्हती.

"ताई, तुझी पाळी."

"कुजबूज," मी म्हटलं. "राणीशी."

कुजबूज असेल तर उठून जायचं आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या कानात बोलायचं, असा टेबलाचा नियम. मी आडोशामागे गेले. तिथे मी कधी गेले नव्हते. नकाशे, किती बारीक काढलेले. पाणीपुरवठा खात्यात तिने आयुष्यभर नळांचे नकाशे काढले, तोच हात. पावाचा चुरा. तो पेला. मी वाकले. मलमाचा वास, आणि त्याखाली तो दुसरा, गोडसर, सडका. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की येईल. मी नाक मागे घेतलं नाही.

तिच्या कानात म्हटलं, "वही मी दिली होती सिस्टरांना. मीच. नाकराणी वाचून."

ती हलली नाही. मी माझ्या जागेवर येऊन बसले.

"राणीने ऐकलं," धाकटी सगळ्यांना म्हणाली.

"मग उत्तर?" टायपिस्ट म्हणाली. "मंत्रात उत्तर आहे की."

"आहे. राणी आत्ता देणार नाही. राखून ठेवलंय." आणि तिने आडोसा मिटला.

१६ मार्च

त्याबद्दल ती कालही काही बोलली नाही, आजही नाही. कपाट आवरलं. मला गीझर दुरुस्त करणाऱ्याचा नंबर दिला.

१७ मार्च, मंगळवार

तिला दाखल केलं. मी दुपारभर तिच्या पलंगाशी. वाट बघत होते. ती बोलली — उशी, किल्ली, चष्मेवाल्याला पुस्तक परत करायचं आहे ते. उत्तर सोडून सगळं.

भेटीची वेळ संपली. मी उठले. तिने मनगट धरलं. आता देईल, मला वाटलं. तिने पलंगाखाली बोट दाखवलं आणि म्हणाली, "फरशी बघ इथली. शी. घरून चप्पल आण माझी."

हे तिचं शेवटचं बोलणं. मी जिन्यात बसून रडले. जिना पुसलेला नव्हता, तरी बसले.

१८ मार्च

साडेसहा तास. बाई वाचली. आवाज गेला.

२९ मार्च, रविवार

घरी आणलं. गळ्याला भोक, त्यात नळी. दिवसातून सहा वेळा साफ करायची. जे निघतं ते मी इथे लिहिणार नाही. पहिल्या दिवशी नर्ससमोर केलं आणि बाहेर जाऊन ओकले. आता ओकत नाही, पण किळस येतेच. ती माझं तोंड बघते आणि खांदे हलवून हसते. आवाजाशिवाय हसू किती भयंकर दिसतं, आणि तरी तिचंच असतं.

पडद्यावर बोट लावते. "नळी साफ करा." "पाणी हवं." "धन्यवाद." तिचाच आवाज, मागच्या महिन्याचा.

त्या दीडशे वाक्यांत माझं उत्तर कसं असणार? मी फार उशीर केला. सत्तेचाळीस वर्षं आणि वर आठ दिवस.

११ एप्रिल, शनिवार

मंडळी आली. धाकटी आडोशामागे बसली. माझ्याकडे बोट दाखवलं आणि पडद्यावर टेकवलं. खाली तारीख होती, दहा मार्च. मी कुजबुजण्याच्या चार दिवस आधीची.

"ताई, राणीचं उत्तर. वही तू दिलीस हे मला तेव्हाच कळलं. दुमडलेले कोपरे सगळे सरळ केले होतेस. सिस्टरांनी ती जाळली नाही. मला इस्त्रीच्या खोलीत बोलावलं, वही समोर ठेवली आणि विचारलं, पुढे काय झालं? तोवर मला कुणी विचारलं नव्हतं. दोन वर्षं दर गुरुवारी मी त्यांना सांगत होते. वही हरवली नाही हे कळल्यावरही मी शोधत राहिले, कारण तू माझ्याबरोबर गादीखाली शोधायचीस, ते मला फार आवडायचं."

मग तिने आडोसा उचलून माझ्यापुढे ठेवला. पाटी घेतली. लिहिलं —

पुढे काय झालं?